कार्बरायझरची गोणी बदलली की रिजेक्शन का वाढतं? लक्षणावरून कारण कसं शोधायचं

फाउंड्रीतली (लोखंडाच्या ओतकामातली) तक्रार नेहमीचीच आहे. चार्ज तोच, पॅटर्न तोच, सँडही तीच, तरी मधूनच एखादा आठवडा असा येतो की मशीनशॉपमधून फोन सुरू होतात. फ्लँजवर टूल फिरला की भेगा उघड्या पडतात, किंवा एसजी आयर्नची (ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतो ते लोखंड) नोड्युलॅरिटी, म्हणजे त्या गोळ्यांचा गोलपणा, घसरते, किंवा ड्रमच्या कडेला ड्रिल जळतात. मग सँडचं मॉइश्चर तपासलं जातं, रेझिन बदललं जातं, इनॉक्युलंट (ग्रॅफाइट नीट तयार व्हावा म्हणून ओतण्याआधी घालतात ते) वाढवलं जातं. काही दिवसांनी त्रास थांबतो आणि शेवटी जो बदल केला होता त्याला श्रेय मिळतं. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा हा प्रकार. दरम्यान कार्बरायझरचा (मेटलमध्ये कार्बन वाढवायला घालतात त्या मालाचा) लॉट संपून नवा आलेला असतो, ते कुणी नोंदवलेलं नसतं.

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पट्ट्यातल्या इंडक्शन फर्नेसवाल्यांना हा प्रश्न जास्त का भेटतो, ते आधी आकड्यांत पाहू. पिग आयर्न कमी करून स्टील स्क्रॅप वाढवला की कार्बन बाहेरून घालावा लागतो, आणि तो चिमूटभर नसतो.

५०० किलोची हीट धरा. ३०० किलो स्टील (कार्बन ०.१ टक्के) आणि २०० किलो रनर-रायझर, म्हणजे आधीच्या ओतकामातून परत वितळवायला आलेले रिटर्न (कार्बन ३.४ टक्के). चार्जमधून मिळाला ७.१ किलो कार्बन. ३.४ टक्क्यांसाठी लागतो १७ किलो. म्हणजे ९.९ किलो कमी. गोणीत ९८ टक्के फिक्स्ड कार्बन आणि ८५ टक्के रिकव्हरी (घातलेल्यापैकी मेटलमध्ये खरंच उतरणारा हिस्सा) धरली तर सुमारे १२ किलो कार्बरायझर जातो. मेटलच्या वजनाच्या २.४ टक्के. फेरोमँगनीजपेक्षा जास्त वजनाचा हा माल आपण ‘९८ टक्के’ एवढ्या एका आकड्यावर विकत घेतो. त्रास उरलेल्या दोन टक्क्यांत आहे.

दोन प्रश्न: माल कशापासून केला, आणि किती तापवला

पेट्रोलियम कोक रिफायनरीच्या डिलेड कोकरमध्ये तयार होतो. क्रूडमधलं हलकं सगळं काढून घेतल्यावर तळाला जो जड अंश उरतो, त्यात गंधक, नायट्रोजन, व्हॅनेडियम, निकेल साठलेलं असतं आणि ते जसंच्या तसं कोकमध्ये उतरतं. म्हणून गोड क्रूडच्या कोकमध्ये गंधक अर्धा-एक टक्का असतो, तर आंबट क्रूडच्या कोकमध्ये तीन टक्के आणि त्याहून जास्तही. हा कच्चा कोक १२०० ते १३५० अंश सेल्सिअसला भाजला की सीपीसी (कॅल्साइन्ड पेट्रोलियम कोक) होतो. या भाजणीत व्होलाटाइल (तापल्यावर वायू होणारा अंश) आणि हायड्रोजन निघून जातात. गंधक आणि नायट्रोजन कार्बनच्या जाळ्यात पक्के बसलेले असतात, ते बहुतेक तसेच राहतात. ते सुटायला लागतात साधारण १४०० अंशांच्या पुढे. पुरते साफ व्हायला ग्रॅफाइट भट्टीचं २५०० अंशांच्या वरचं तापमान लागतं. एडवर्ड ॲचेसनने १८९६ मध्ये ज्या पद्धतीचं पेटंट घेतलं, त्याच धर्तीच्या विद्युत भट्ट्यांत आजही हे काम होतं. त्यातून निघतो तो जीपीसी (ग्राफिटाइज्ड पेट्रोलियम कोक).

इथेच सगळ्यात मोठा गैरसमज होतो. ‘लो सल्फर’ लिहिलेली गोणी दोन वेगळ्या कारणांनी लो सल्फर असू शकते. एकीत गंधक मुळातच कमी होता, कारण क्रूड गोड होतं. दुसरीत तो आगीने घालवला. पहिलीतला नायट्रोजन जागेवरच आहे, अर्धा-एक टक्का म्हणजे ५,००० ते १०,००० पीपीएम. दुसरीतला गंधकाबरोबर गेला आणि ३०० पीपीएमच्या आत आला. टेस्ट सर्टिफिकेटवर गंधक ०.५ टक्के वाचून ‘हा चांगला माल’ म्हणणाऱ्याला फिशर (नायट्रोजनच्या भेगा) भेटतात ते यामुळे.

बाजारात भेटणारे बाकीचे प्रकार:

सेमी-ग्रॅफाइट म्हणून विकला जातो तो बहुधा ग्रॅफाइट भट्टीत मुख्य मालाभोवती भरलेला कोक. आतला थर चांगला तापतो, बाहेरचा अर्धाकच्चा राहतो. एकाच ढिगातल्या दोन गोण्यांचा गंधक ०.१ आणि ०.५ असा निघू शकतो. स्वस्त असतो, पण सरासरीवर विश्वास ठेवता येत नाही.

इलेक्ट्रोड स्क्रॅप, म्हणजे आर्क फर्नेसच्या ग्रॅफाइट इलेक्ट्रोडचे तुकडे आणि टर्निंग, हा उत्तम माल. मूळ कच्चा माल नीडल कोक आणि कोल टार पिच. शेवटची भाजणी २५०० अंशांच्या वर. एवढ्या तापमानाकडे जाताना गंधक झपाट्याने सुटून इलेक्ट्रोड फुगू नये म्हणून बनवणारे त्यात थोडं आयर्न ऑक्साइड घालतात. आपल्याला त्याचा काही उपद्रव नाही. उपद्रव होतो तो नावाच्या घोळाचा. ॲल्युमिनियम स्मेल्टरमधले उरलेले ॲनोडचे तुकडेही ‘इलेक्ट्रोड स्क्रॅप’ म्हणून येतात. तो माल फक्त ११००-१२०० अंशांना भाजलेला असतो, गंधक दीड-दोन टक्के सहज, आणि वर क्रायोलाइटचं फ्लोराइड व सोडियम चिकटलेलं. सिलिका लायनिंगला ते खातं.

कॅल्साइन्ड अँथ्रासाइटमध्ये राख ४ ते ८ टक्के, कधी जास्त. गंधक फार नसतो, पण रिकव्हरी ६५-७५ टक्क्यांच्या पुढे क्वचित जाते आणि राखेचा स्लॅग होतो.

नारळाच्या करवंटीचा कोळसा कोकणातून सहज येतो आणि बगॅसचा कोळसा तर साखर कारखान्यांच्या दारातच मिळेल, म्हणून ‘हा का नको?’ असं अधूनमधून विचारलं जातं. गंधक खरंच कमी असतो. पण रोझलिंड फ्रँकलिनने १९५१ मध्ये कार्बनचे जे दोन वर्ग दाखवले, त्यातल्या ग्रॅफाइट न होणाऱ्या वर्गात हा बसतो. भाजताना तो मधल्या टप्प्यात वितळत नाही, त्यामुळे थर एकावर एक लागत नाहीत. ३००० अंशांपर्यंत नेला तरी जाळं वाकडंतिकडंच राहतं. ती सच्छिद्र रचना पाणी गाळायला, रंग शोषायला उपयोगी, म्हणून ॲक्टिव्हेटेड कार्बनला करवंटी पहिल्या पसंतीची. भट्टीत मात्र हलका माल वर तरंगतो, जळतो, आणि बगॅसच्या राखेतली सिलिका स्लॅगमध्ये भर घालते. नको.

भेगा मशीनिंगला उघड्या पडतात

ग्रे आयर्नमधल्या (ज्यात ग्रॅफाइट पाकळ्यांच्या रूपात असतो त्या लोखंडातल्या) नायट्रोजनच्या भेगेची ठेवण वेगळी असते. तो भाग कापून, घासून दहापट भिंगाखाली धरा. गोल फुगा दिसत नाही. वाकडी, सुरकुतलेली, पृष्ठभागाला साधारण काटकोनात आत गेलेली फट दिसते आणि तिच्या भिंतींवर डेंड्राइटच्या टोकांचे बारीक उंचवटे असतात. याउलट हायड्रोजनचं पिनहोल लहान, गोल, आतून चकचकीत आणि बहुतेक वेळा ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्याने मढलेलं असतं. त्याचा तपास वेगळा: ओली लॅडल, ओली सँड, चार्जमधलं ॲल्युमिनियम.

नायट्रोजनच आहे असं ठरलं, तरी तो कोअरमधून आला की मेटलमधून, हे वेगळं करावं लागतं. शेल कोअरमध्ये हेक्झामिन असतं, युरिया असलेल्या फ्युरान रेझिनमध्ये नायट्रोजन असतो. भेगा फक्त कोअरच्या अंगाला, वरच्या कातडीखाली असतील तर रेझिनकडे बघा. कोअरपासून लांब, जाड बॉसमध्ये, हॉट स्पॉटवर आणि एकाच हीटच्या वेगवेगळ्या पॅटर्नमध्ये असतील तर कारण भट्टीत आहे. आणखी एक खूण मायक्रोस्कोपखाली मिळते. ग्रॅफाइटच्या पाकळ्या आखूड, जाडसर आणि टोकाला बोथट दिसतात. त्यामुळे टेन्साइल वाढतं. टेन्साइल वाढलं म्हणून लॅब खूश आणि भेगा पडल्या म्हणून मशीनशॉप नाराज, असं एकाच दिवशी दिसलं तर आधी कार्बरायझर बघा.

हिशोब असा. वरच्या हीटमध्ये १२ किलो सीपीसी, नायट्रोजन ०.८ टक्के: ९६ ग्रॅम, म्हणजे सगळा उतरला तर १९२ पीपीएम. सगळा उतरत नाही. पण निम्मा धरला तरी ९५ पीपीएम, आणि स्टील स्क्रॅपचा स्वतःचा वेगळा. जाड सेक्शनला ८०-१०० पीपीएमच्या आसपास त्रास सुरू होतो. पातळ कास्टिंग लवकर गोठतं म्हणून थोडं जास्त सोसतं. त्यामुळे एकाच हीटमधलं हलकं कव्हर निर्दोष निघतं आणि जाड फ्लायव्हील हब जातो. जीपीसीने तोच हिशोब सगळा उतरला तरी ७ पीपीएमच्या आसपास येतो.

आजच्या हीटला काय करायचं? गोणी बाजूला ठेवा, स्टील कमी करून पिग किंवा जुने चांगले रिटर्न वाढवा. तेही नसेल तर फेरोटायटॅनियम. वजनाने एक भाग नायट्रोजन बांधायला ३.४ भाग टायटॅनियम लागतं, ०.०३ टक्के टायटॅनियम सुमारे ८८ पीपीएम बांधतं. ५०० किलोला ७० टक्क्यांचं फेरोटायटॅनियम, ७० टक्के रिकव्हरीने, साधारण ३०० ग्रॅम. याची सवय मात्र लावू नका. टायटॅनियम कार्बोनायट्राइडचे कण टूल खातात, टायटॅनियम रिटर्नमधून फिरत राहतं, फेरोटायटॅनियममधलं ॲल्युमिनियम पिनहोलला आमंत्रण देतं. आणि ते रिटर्न चुकून एसजीच्या चार्जमध्ये गेले तर नोड्यूल बिघडतात. फेरोटायटॅनियम घातलेल्या हीटचे रनर वेगळ्या रंगाने खुणावून ग्रेच्याच ढिगात टाकायचे.

एसजीची नोड्युलॅरिटी अचानक घसरते

इथे गुन्हेगार गंधक. मॅग्नेशियम आधी गंधकाला जाऊन चिकटतं, उरलं तर नोड्यूलच्या कामी येतं. एक भाग गंधकाला ०.७६ भाग मॅग्नेशियम. समजा १.५ टक्के फेरोसिलिकॉन-मॅग्नेशियम (मॅग्नेशियम ६ टक्के) घालून तुमचं रेसिड्युअल (शेवटी उरलेलं) मॅग्नेशियम नेहमी ०.०४० टक्के यायचं. आता १२ किलो कार्बरायझरमधला गंधक ०.०५ वरून १ टक्का झाला. बेस मेटलमध्ये ०.०२३ टक्के जादा गंधक आला, त्याने ०.०१८ मॅग्नेशियम खाल्लं. हाती राहिलं ०.०२२. नोड्यूलऐवजी व्हर्मिक्युलर (अळीसारखा) ग्रॅफाइट दिसणारच.

अशा वेळी सरळ उपाय म्हणून ट्रीटमेंट अलॉय वाढवला जातो. नोड्युलॅरिटी परत येते, पण तयार झालेला मॅग्नेशियम सल्फाइड ड्रॉस (वर तरंगणारा मळ) होऊन कास्टिंगच्या वरच्या अंगाला बसतो आणि पुढच्या आठवड्यात ‘स्लॅग इन्क्लूजन’ नावाने तीच तक्रार परत येते. शिवाय अलॉयबरोबर सिलिकॉन वाढतो. एसजीसाठी बेसचा गंधक ०.०१५ टक्क्यांच्या आत ठेवणं हाच खरा मार्ग, आणि स्टीलवर चालणाऱ्या चार्जमध्ये त्यासाठी जीपीसी किंवा अस्सल ग्रॅफाइट इलेक्ट्रोडचा माल लागतो. सीपीसीवर एसजी चालवून वाचलेले पैसे अलॉयमध्ये आणि रिजेक्शनमध्ये परत जातात.

ट्रीटमेंटआधीचं आणि नंतरचं, दोन्ही कॉइन (स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे स्पेक्ट्रोवर, तपासायचे नाण्यासारखे नमुने) जपून ठेवा. नुसत्या शेवटच्या कॉइनवर मॅग्नेशियम कमी दिसलं, तर दोष गंधकाचा, फेडिंगचा (वेळ गेल्याने मॅग्नेशियम उतरण्याचा) की ट्रीटमेंटच्या तापमानाचा, ते कळत नाही.

जीपीसी घेतला आणि ग्रे आयर्नला चिल आला

हा उलटा रोग आहे. चांगला माल घेऊनही तो होतो, म्हणून लवकर सापडत नाही. एसजीला जीपीसी लागतो म्हणून ग्रेलाही तोच सुरू केला, सुरुवातीला सगळं ठीक. मग हळूहळू वेजवर (चाचणीच्या पाचरीवर) चिल, म्हणजे ग्रॅफाइट न होता पांढरा कडक गोठलेला भाग, वाढतो, पातळ कडा पांढऱ्या निघतात, मायक्रोस्कोपखाली ए टाइपऐवजी (सुट्या पाकळ्यांऐवजी) डी टाइप (बारीक, दाट) ग्रॅफाइट, भोवती फेराइट. इनॉक्युलंट वाढवूनही फारसा फरक पडत नाही.

कारण ग्रे आयर्नला थोडा गंधक हवाच असतो. मँगनीज सल्फाइडच्या कणांवर ग्रॅफाइटची सुरुवात होते, ०.०५ टक्क्यांच्या खाली गेलं की इनॉक्युलंट काम सोडतं. आणि हा बदल हळूहळू का होतो, ते रिटर्नच्या चक्रात आहे. स्टीलमधला गंधक ०.०२ टक्के धरला तर ६० टक्के स्टीलमधून ०.०१२ येतो, बाकीचा रिटर्नमधून आणि कार्बरायझरमधून. इंडक्शन भट्टीत गंधक फारसा कमी होत नाही, त्यामुळे ४० टक्के रिटर्न फिरत राहिले की आकडा एका जागी स्थिरावतो: स्टील आणि कार्बरायझर यांचा मिळून येणारा गंधक, भागिले ०.६.

हिशोब करा. २.५ टक्के गंधकाचा सीपीसी: ०.१२ टक्क्यांवर स्थिर. १ टक्क्याचा सीपीसी: ०.०६. जीपीसी: ०.०२२. म्हणजे पहिल्या दिवशी जुन्या रिटर्नमुळे गंधक पुरेसा असतो, आणि रिटर्न चार-पाच वेळा फिरले की तळाला जातो. गोणी बदलल्याची तारीख आणि तक्रार आल्याची तारीख जुळत नाही ती याच कारणाने. गंधक वाढण्याच्या बाजूनेही हेच खरं: खराब सीपीसी बंद केला तरी ढिगातले रनर आणखी काही फेऱ्या त्रास देतात.

मग ग्रेला परत सीपीसी घ्यावा का? १ टक्क्याचा सीपीसी गंधकाच्या हिशोबाने अगदी योग्य बसतो, हे खरं. पण गंधकाबरोबर नायट्रोजनही आत येतो. स्टील ३० टक्क्यांच्या आत असेल आणि कास्टिंग पातळ असेल तर सीपीसी खुशाल वापरा. हजारो टन माल तसा निघतो. स्टील ५०-६० टक्के आणि सेक्शन जाड असेल तर जीपीसी ठेवून गंधक आयर्न सल्फाइडने वेगळा द्यावा, असं आमचं स्पष्ट मत. वरच्या हीटमध्ये ०.०२२ वरून ०.०६ वर यायला १९० ग्रॅम गंधक, म्हणजे ३० टक्के गंधकाचं आयर्न सल्फाइड ६३० ग्रॅम. रिटर्नचा गंधक सुधारला की ३८० ग्रॅमच्या आसपास पुरतं. प्रत्यक्ष उतारा कॉइनवर बघून मात्रा ठरवा. मँगनीज जुळवायला विसरू नका: गंधकाच्या १.७ पट अधिक ०.३. गंधक ०.०६ असेल तर मँगनीज ०.४० टक्के. आयर्न सल्फाइडचा डबा एसजीच्या भट्टीजवळ अजिबात ठेवू नये.

कार्बन उठत नाही

हिशोबाने घातला तरी सीई मीटरवर (कपात मेटल ओतून कार्बन मोजायच्या यंत्रावर) ३.१ च येतो, आणखी दोन किलो टाकल्यावर एकदम ३.६. कार्बरायझर विरघळायला वेळ लागतो, आणि किती लागेल तेही कच्च्या मालावर आणि भाजणीवर ठरतं. ग्रॅफाइटचे थर व्यवस्थित लागलेले असतात, कण मेटलमध्ये लवकर सुटतात. सीपीसीचं जाळं अर्धवट लागलेलं आणि त्यातला गंधक कणाच्या पृष्ठभागावर बसून विरघळणं मंदावतो. राख जास्त असली तर ॲल्युमिना-सिलिकाची साल कणाभोवती तयार होते आणि आतला कार्बन तिच्या आड अडकतो. अँथ्रासाइटची रिकव्हरी कमी येते ती मुख्यतः यामुळे.

पण माल चांगला असूनही घालण्याच्या पद्धतीत निम्मा कार्बन घालवता येतो. कार्बरायझर थंड चार्जबरोबर, चार्जच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात, स्टीलच्या थरांमध्ये टाकायचा. अगदी तळाला लायनिंगवर नको, आणि भरलेल्या भट्टीत स्लॅगवर तर नकोच; तिथे तो स्लॅगमध्ये गुंडाळला जाऊन काठीबरोबर बाहेर येतो. फेरोसिलिकॉन नेहमी नंतर. दर एक टक्का सिलिकॉनमागे लोखंडाची कार्बन धरायची क्षमता सुमारे ०.३ टक्के कमी होते, त्यामुळे सिलिकॉन आधी गेला तर कार्बन रेंगाळतो. शेवटची दुरुस्ती ०.१-०.२ टक्क्यापुरतीच ठेवा: १४५० ते १५०० अंश, स्लॅग साफ काढून, उघड्या मेटलवर, पॉवर चालू ठेवून.

विरघळला की नाही हे तपासायला सोपी रीत आहे. पाच मिनिटांच्या अंतराने दोन कप घ्या. दुसऱ्यात कार्बन वाढलेला असेल तर काम अजून चालू आहे, आणखी कार्बरायझर टाकायची घाई करू नका. स्पेक्ट्रोच्या कॉइनने कार्बन बघत असाल तर कॉइन पूर्ण पांढरं गोठलेलं हवं. करडं कॉइन कार्बन चुकीचा दाखवतं. आणि १५२० च्या वर मेटल ताटकळत ठेवलं तर कार्बन लायनिंगच्या सिलिकातून सिलिकॉन सोडवत स्वतः वायू होऊन जातो. कार्बन उतरला आणि सिलिकॉन आपोआप चढला, असं दिसलं की गोणीला दोष देऊ नका.

कणाचा आकार: ५०० किलो ते १ टनाच्या भट्टीला १ ते ५ मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरच्या खालचा चुरा एक्झॉस्टमध्ये उडतो. गोणीच्या तळाला चुरा साठतो, त्यामुळे पहिली दोन घमेली आणि शेवटची दोन यांची रिकव्हरी सारखी येत नाही.

ज्वाळा, धूर, फुटफुटणं

टाकल्या टाकल्या पिवळी लांब ज्वाळा आणि डांबराचा वास आला तर कच्चा कोक मिसळलेला आहे, किंवा ब्रिकेट पिचने बांधलेली आहेत. सीपीसीची धूळ उडू नये म्हणून त्यावर थोडं तेल फवारलेलं असतं. त्याची ज्वाळा छोटी असते आणि लगेच विझते. लांबलेली ज्वाळा म्हणजे व्होलाटाइल, म्हणजे हायड्रोजन, म्हणजे पिनहोल. ब्रिकेटमध्ये बाइंडर काय आहे ते विचारून घ्या. मळी किंवा स्टार्चचं बाइंडर ओल धरतं, सिमेंटचं राख वाढवतं. चुऱ्याची ब्रिकेट करून ‘९८ टक्के’ छापलेलं असतं ते चुऱ्याचं, बाइंडरसकट मालाचं असेलच असं नाही.

पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, सीपीसी भरपूर पाणी पितो. ४ टक्के ओल म्हणजे २५ किलोच्या गोणीत एक किलो पाणी, तेवढा कार्बन हिशोबातून गायब. पण त्याहून गंभीर म्हणजे ओला माल वितळलेल्या मेटलवर टाकला तर मेटल उसळतं आणि मेल्टर भाजतो. गोण्या लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून फूटभर लांब ठेवा, उघडलेली गोणी झाकून ठेवा. पावसाळ्यात शेवटच्या दुरुस्तीसाठीचा कार्बरायझर आधी भट्टीजवळ पत्र्यावर पसरून वाळवलेलाच वापरायचा.

गोणी आल्यावर तपासणी

पहिली परीक्षा फुकट आहे. पांढऱ्या कागदावर दाणा ओढा. ग्रॅफाइट मऊ, राखाडी, चमकदार रेघ देतो आणि चिमटीत चोळला की बोटं घसरतात. सीपीसी कागद खरवडतो, बोटांना काळी पूड लागते, घसरण नाही. मूठभर दाण्यांतले वीस वेगवेगळे दाणे ओढून बघा. वीसपैकी पाच खरवडले तर ती जीपीसीची गोणी नाही, मिश्रण आहे.

मफल फर्नेस असेल तर आयएस १३५० (कोळसा आणि कोक तपासण्याचं भारतीय मानक) च्या रीतीने ओल, व्होलाटाइल आणि राख काढता येते. व्होलाटाइलसाठी एक ग्रॅम बारीक पूड, झाकणाच्या क्रूसिबलमध्ये, ९०० अंशांना बरोबर सात मिनिटं. राख ८१५ अंशांना, वजन स्थिर होईपर्यंत. ग्रॅफाइट जळायला कोकपेक्षा बराच जास्त वेळ घेतो. जीपीसी म्हणून आलेला माल सीपीसीच्याच वेळात जळून गेला तर शंका घ्या. फिक्स्ड कार्बन म्हणजे १०० वजा या तिघांची बेरीज. लक्षात घ्या, गंधक आणि नायट्रोजन या बेरजेत येत नाहीत. ते फिक्स्ड कार्बनच्या आकड्यातच लपलेले असतात, आणि म्हणूनच ३ टक्के गंधकाचा मालही ९८ टक्के फिक्स्ड कार्बन दाखवू शकतो.

गंधक काढायला स्वतंत्र लॅब लागतेच असं नाही, तुमची भट्टी आणि स्पेक्ट्रो पुरेसा आहे. चार्ज वितळल्यावर कॉइन घ्या. वजन केलेला कार्बरायझर टाका, दहा मिनिटं पॉवर ठेवा, दुसरं कॉइन घ्या. मध्ये दुसरं काहीही घालू नका. उदाहरणार्थ ५०० किलो मेटल, ३ किलो कार्बरायझर, कार्बन ०.५० टक्क्यांनी वाढला, गंधक ०.०१२ ने. वाढलेला कार्बन २.५ किलो, घातलेला २.९४ किलो, रिकव्हरी ८५ टक्के. वाढलेला गंधक ६० ग्रॅम, भागिले ३ किलो: गोणीत कमीत कमी २ टक्के गंधक. सर्टिफिकेटवर ०.५ लिहिलेलं असेल तर पुरवठादाराशी बोलायला एवढा कागद बस्स. दोन्ही कॉइनवर तीन-तीन स्पार्क घेऊन सरासरी काढा. एका स्पार्कच्या गंधकावर वाद घालू नये.

नायट्रोजनला मात्र ऑक्सिजन-नायट्रोजन ॲनालायझरच लागतो. प्रत्येक लॉटचा नमुना पाठवणं परवडत नसेल तर निदान ज्या लॉटचा गंधक ०.०५ च्या वर निघाला, किंवा कागदावर ज्याचे दाणे खरवडले, तेवढेच पाठवा. गंधक ०.०५ च्या आत आणि रेघ चमकदार, असा माल नायट्रोजनलाही बहुतेक पास होतो.

खरेदीच्या ऑर्डरवर फक्त ‘कार्बन ९८ टक्के’ न लिहिता जीपीसीसाठी एवढं लिहा: फिक्स्ड कार्बन किमान ९८.५, गंधक कमाल ०.०५, नायट्रोजन कमाल ३०० पीपीएम, राख कमाल ०.७, व्होलाटाइल आणि ओल प्रत्येकी कमाल ०.५, आकार १ ते ५ मिलिमीटर किमान ९० टक्के. सेमी-ग्रॅफाइट, ॲनोड स्क्रॅप किंवा ब्रिकेट चालणार नाही, हे वेगळ्या ओळीत. माल उतरताना दर दहाव्या गोणीत पाइप तळापर्यंत घालून नमुना घ्या, सगळे एकत्र करून चौथाई पद्धतीने अर्धा किलोवर आणा आणि लॉट नंबर लिहून डब्यात ठेवा. हीट शीटवर कार्बरायझरच्या वजनाशेजारी लॉट नंबरचा रकाना पाडून घ्या. तो डबा त्या लॉटचं शेवटचं कास्टिंग ग्राहकाकडे मशीन होईपर्यंत टाकायचा नाही.